आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे

"काबेसा! काबेसा!" असा आवाज आला आणि प्रबोध साळोखे चालता चालता थांबला. शनिवारची संध्याकाळ होती. परदेशातल्या यिशुन या उपनगरात आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेतून तो मुलीला आणायला निघाला होता, आणि समोर जाळीपलीकडे फुटबॉल अकॅडमीच्या मैदानावर बारा-तेरा वर्षांच्या मुली नारंगी जाकिटं घालून धावत होत्या. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, घोगरा, शेवटच्या अक्षरावर हलकेच वर चढणारा. काबेसा म्हणजे डोकं. डोकं वर ठेव, पायातल्या चेंडूकडे बघू नकोस, पुढे कोण मोकळं आहे ते बघ, एवढं सगळं त्या एका शब्दात बसवलेलं असतं हे प्रबोधला कुणी सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षांपूर्वी पुण्यात रोज सकाळी हा शब्द त्याच्या अंगावर येत असे. मग त्याच्या लक्षात आलं की आपण ब्लॉकच्या एका जाड खांबामागे येऊन उभे आहोत आणि श्वास तोंडाने घेतो आहोत. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आंग मो किओ भागातल्या एका कंपनीत बावीस इंजिनिअरांचा मॅनेजर, खांबाआडून एक डोळा बाहेर काढून बघत होता. टाचा किंचित उचलून चालणारा तो माणूस पाठमोरा होता. केस पूर्ण पांढरे झाले होते. पण ती चाल त्याने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती.

क्षिप्रा शेवटी खांबापाशीच आली. "बाबा, तू इथे का उभा आहेस? आय वॉज लुकिंग फॉर यू." ऊन लागत होतं, असं तो म्हणाला. आभाळाकडे बघत ती इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "कुठे ऊन? इट्स सो क्लाउडी लाह." घरी जाताना त्याने शक्य तितक्या सहज विचारलं, नवीन कोच कोण आलेत? "कोच वाल. ब्राझीलचा आहे. फोर्टीन कंट्रीजमध्ये कोचिंग केलंय, बाबा! ही इज सो ओल्ड, पण अजून जगलिंग करतो." मग ती कोच वालबद्दल लिफ्टमध्येही बोलत राहिली. प्रबोध लिफ्टच्या आरशात स्वतःचा चेहरा तपासत होता. बावीस वर्षांत तो किती बदलला होता? पोट सुटलं होतं, चष्मा आला होता, पुढचे केस गेले होते. पुरेसं होतं का हे? अकॅडमीच्या फॉर्मवर वडिलांचं नाव, आडनाव, फोन नंबर सगळं होतं. नव्या कोचची माहिती देणारी मेल महिन्यापूर्वीच आली होती, पण अकॅडमीच्या मेल त्याची बायको अनघा बघायची. तिने त्याला सांगितलंही असेल. कोच वालचं पूर्ण नाव, वाल्देमिर किंतेला, हे तिच्यासाठी एक परदेशी नाव होतं, एवढंच. लग्नाला सोळा वर्षं होऊनही त्या नावाबद्दल त्याने तिला कधी काही सांगितलं नव्हतं.

पुण्याचा तो फुटबॉल क्लब चारच वर्षं टिकला. प्रबोध आणि त्याचा मित्र विक्रांत कोल्हापुरातून, शिवाजी पेठेच्या एकाच गल्लीतून, एकाच तालमीच्या फुटबॉल टीममधून तिथे गेले. विक्रांत डावा बचावपटू आणि प्रबोध दुसऱ्या क्रमांकाचा गोली, म्हणजे बाकावर बसणारा. किंतेला आला तेव्हा त्याचं वय पंचेचाळीसच्या आसपास असेल. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, त्याच्या देशात कोचला तसंच म्हणतात म्हणून. त्याला 'प्रबोध' म्हणता यायचं नाही. शेवटच्या 'ध'चा त्याच्या जिभेवर 'जी' व्हायचा. प्राबोजी. पोरं हसायची, प्रोफेसर तुला जी लावतात म्हणून. सकाळी बाकीचे यायच्या आधी अर्धा तास तो एकट्या प्राबोजीला घेऊन गोलपाशी जायचा, आणि चेंडू कुठून येईल ते मारणाऱ्याच्या खांद्यावरून कसं ओळखायचं ते दाखवायचा. कुणीही न बघणाऱ्या बाकावरच्या पोराला कुणीतरी बघतं आहे, हे प्रबोधला त्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

मग तो रविवार. टीम घरच्या मैदानावर हरली होती. प्रबोध मागच्या नळावर ग्लव्ह्ज धूत होता. ड्रेसिंग रूममधून विक्रांत कानावर हात दाबून बाहेर आला, त्याच्याकडे एकदा बघून काही न बोलता फाटकाकडे निघून गेला. सोमवारी सकाळी क्लबच्या सेक्रेटरीने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. किंतेला यांनी खेळाडू विक्रांत याच्या कानशिलात मारली, त्यामुळे त्याच्या कानाचा पडदा फाटला. वरील सर्व आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. खाली नऊ जणांसाठी जागा. आत त्या वेळी दोघंच होते, विक्रांत आणि प्रोफेसर, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सेक्रेटरीच्या भाच्याला प्रोफेसर टीममध्ये घेत नव्हता, हेही माहीत होतं. "पुढच्या मोसमात ज्याला क्लबात राहायचंय त्याने सही करायची," सेक्रेटरी म्हणाला आणि चहा मागवला. प्रबोधची सही चौथी होती. पाचवी किंवा सातवी असती तर काही फरक पडला असता का, हा विचार त्याने नंतर शेकडो वेळा केला. बुधवारी किंतेला दोन बॅगा घेऊन फाटकाशी उभा होता आणि प्रत्येकाशी हात मिळवत होता. मान खाली नव्हती त्याची. त्यावरूनच प्रबोधने ठरवलं की सगळा बनाव होता, सेक्रेटरीने केलेला आणि विक्रांतने साथ दिलेला. महिन्याभरात नवा कोच आला आणि त्याने प्रबोधला पहिला गोली केलं. अकरा सामने तो खेळला. पुढच्या वर्षी गुडघा गेला, मग क्लबही बंद झाला. त्याने राहिलेली इंजिनिअरिंगची डिग्री पुरी केली आणि फुटबॉल या विषयावर गप्प बसायला शिकला.

गप्प, पण विसरलेला नाही. दर चार-सहा महिन्यांनी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे हॉकर सेंटरला गेले की तो त्या माणसाचं नाव टाइप करायचा. दमास्कस, आठ महिने. मस्कत, एक मोसम. यांगून. माल्टा, तिथे तो सगळ्यात जास्त टिकला, अडीच वर्षं. कुमासी, एकोणीस दिवस. माले, ताश्कंद, पुन्हा यांगून, पण दुसऱ्या, खालच्या क्लबात. प्रत्येक हकालपट्टीची बातमी दोन-तीन ओळींची असायची, कधी अरबीत, कधी बर्मी लिपीत, मशीनने केलेल्या भाषांतरात. एका फोटोत त्याच्या ट्रॅकसूटवर आधीच्या क्लबचं बोधचिन्ह होतं आणि त्यावर पांढरी पट्टी चिकटवलेली होती. तो फोटो प्रबोधने बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडला. त्या माणसाच्या मागे फिरणारी बदनामी आपल्या सहीपासून सुरू झाली असं त्याला वाटे. प्रत्येक नवा देश हे चौथ्या सहीचं पुढचं पान होतं. आणि मनाच्या तळाशी, जिथे माणूस स्वतःही फारसा उतरत नाही, तिथे एक समाधान असायचं, की तो माणूस लांब आहे, आणखी लांब जातो आहे. आता तो यिशुनमध्ये होता, लिफ्टने उतरून चार मिनिटांवर.

त्यानंतरचे पाच शनिवार प्रबोधने त्या खांबामागे काढले. न जाणं त्याला जमत नव्हतं. भीती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं रूप घेऊन यायची. एमआरटीच्या गाडीत उभं असताना वाटायचं, तो क्षिप्राला सगळ्यांदेखत सांगेल, तुझ्या बापाने काय केलं ते. मीटिंगमध्ये कुणी अटेंडन्स घेतल्यासारखं नाव उच्चारलं तरी तळहात ओले व्हायचे. कधी वाटायचं, तो काहीच बोलणार नाही, फक्त तिला बाकावर बसवून ठेवेल, महिनोन् महिने, आणि तिला कळणारही नाही कशासाठी. पण तो तर तिला सगळ्या सामन्यांत खेळवत होता. मग भीती तिथेच येऊन बसायची: का खेळवतोय? अनघा नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात काम करायची. दिवसभर घाबरलेल्या माणसांशी बोलून तिला भीती लगेच ओळखू यायची. "तुला बरं नाहीये का, प्रबोध? दोनदा विचारलं तरी ऐकू येत नाही तुला." काही नाही, ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजची गडबड आहे, असं तो सांगायचा.

सहाव्या शनिवारी साडेचारलाच मैदानावरचा लाल दिवा फिरू लागला आणि भोंगा वाजला. विजेचा धोका असला की इथे पाऊस नसला तरी मैदान रिकामं करावं लागतं. मुली किंचाळत, हसत ब्लॉकखाली पळत आल्या आणि त्यांच्यामागून टाचा उचलत तो आला, थेट खांबाकडे. प्रबोधला पळता आलं असतं. पाय हलले नाहीत.

"प्राबोजी," किंतेला इंग्रजीत म्हणाला, "गोली नेहमी खांब शोधतो. पहिल्या दिवशीच ओळखलं मी. का लपतोस?"

पलीकडे मुलींनी कोंडाळं करून फोन काढले होते. बाहेर आभाळ शिशासारखं झालं होतं. प्रबोधला आपलाच आवाज लांबून येतोय असं वाटलं. "प्रोफेसर, त्या कागदावर माझी सही होती. मी आत नव्हतो. मी नळावर होतो. मी काहीही पाहिलं नव्हतं. मी खोटी सही केली." इतकी वर्षं त्याने जी तयारी केली होती, त्यातलं काहीच या पाच वाक्यांत नव्हतं. ना क्लबचा दबाव, ना वय.

किंतेलाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या दूरच्या मुलुखातली भाषा आपल्याला समजते आहे की नाही, हे ताडून बघणाऱ्या माणसासारखा तो दिसत होता. "खोटी कशी?" तो म्हणाला. "मी मारलं होतं."

प्रबोधने काहीतरी विचारलं असावं.

"उघड्या हाताने. इथे." त्याने स्वतःच्या कानाला हात लावला. "आवाज झाला. पोरगा भिंतीवर गेला. पूर्वी मी कारण सांगायचो. हरलो होतो, गरमी होती, घरून फोन आला होता. मग सांगणं सोडून दिलं. तू सही केलीस ते चूक होतं, पण कागदावर लिहिलेलं खरं होतं. एवढी वर्षं तुला काय वाटत होतं?"

"त्यानंतर?" प्रबोधने विचारलं. "त्यानंतर कुणाला?"

भोंगा थांबला होता. किंतेलाने मुलींकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. "एकदा. मस्कतला. मोठा खेळाडू होता, तोही उलटून आला. तिसरी वेळ येऊ नये म्हणून मी मोठ्या क्लबांना नाही म्हणायला लागलो. लोकांना वाटतं, याला काम मिळत नाही. वाटू दे. लहान मुलींवर माझा हात उठत नाही, प्राबोजी. अजून उठलेला नाही." तो 'अजून' त्याने मुद्दाम म्हटला की इंग्रजी तोकडं पडल्यामुळे आला, हे प्रबोधला त्याच्या डोळ्यांवरून कळेना. लाल दिवा विझला. शिट्टी वाजली. क्षिप्रा त्या माणसाच्या शेजारून उड्या मारत मैदानात गेली.

त्या संध्याकाळी त्याने अनघाला सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, नळापासून मस्कतपर्यंत. ती गॅस बंद करून ऐकत राहिली. तो थांबल्यावर म्हणाली, "उद्यापासून क्षिप्राचं जाणं बंद. दुसरी अकॅडमी शोधू." मग जरा वेळाने, तितक्याच शांतपणे, "आणि विक्रांत? आपल्या लग्नानंतर ज्याच्या लग्नाची पत्रिका आली होती, आणि तू ती फाडलीस, तोच ना?"

तोच. भीती सहा आठवडे चुकीच्या दिशेला तोंड करून बसली होती. आता ती हळूहळू वळली. क्लब बंद झाल्यावर एकदा, कोल्हापुरात मिसळीच्या हॉटेलात, विक्रांत त्याला म्हणाला होता, "डाव्या कानानं काय बी ऐकू येत न्हाई रं. डॉक्टर म्हणतोय, आता यायचं न्हाई." आणि प्रबोध म्हणाला होता, "पुरे की आता. आपण दोघंच हाय इथं. माझ्यासमोर कशाला नाटक?" तो हसलासुद्धा होता. विक्रांतने पाव खाली ठेवला, वाटी तशीच सोडली आणि उठून गेला. त्यानंतर पेठेत समोरासमोर आले तरी प्रबोध मान वळवायचा, लबाड माणसाला बघून वळवतात तशी. स्वतःची सही खोटी होती म्हणून त्याला सगळंच खोटं हवं होतं. विक्रांत खरा असता तर प्रबोध साक्षीदार नसूनही सही करणारा आणि मित्र असूनही न विचारणारा ठरला असता. तू नळावर होतास, माझ्याबरोबर का आला नाहीस, एवढंच कदाचित त्या रविवारी विक्रांतच्या नजरेत असेल.

रविवारी सकाळी भावाकडून नंबर घेऊन त्याने ब्लॉकखालच्या दगडी बाकावरून फोन लावला. विक्रांत आता कोल्हापुरात शाळेवर क्रीडाशिक्षक होता. मागे पोरांचा कालवा ऐकू येत होता, कसल्यातरी स्पर्धा असाव्यात.

"प्रबोध बोलतोय. साळोखे."

पोरांचा आवाज जरा मागे पडला, विक्रांत बाजूला गेला असावा. "बोल."

त्याने सांगितलं. प्रोफेसर इथे आहे, मुलगी त्याच्याकडे शिकते, काल त्याने कबूल केलं. "मला माहीत नव्हतं, विक्रांत."

"तुला म्हाईत नव्हतं?" विक्रांत म्हणाला. आवाज चढला नाही. "मी तुला सांगितलं व्हतं की. तोंडानं. मिसळ खाताना." मग म्हणाला, "त्याची पत्रं आली मला. लई न्हाईत, सात-आठ असतील. एकेका देशातनं. दर बारीला तेच, माफ कर. मी उत्तर दिलं न्हाई. पण येत व्हती. तुझं एक बी आलं न्हाई."

प्रबोधला माफी मागायची होती. शब्द तोंडात आला आणि तो किती लहान आहे ते कळून तिथेच राहिला. तरी त्याने तो म्हटला. मग त्याने ज्यासाठी खरं तर फोन केला होता ते विचारलं, आणि विचारताना स्वतःची लाज वाटली. "पोरीला काढू का रे तिथून?"

"ते मला कशाला इचारतोस? ठेव म्हणणार न्हाई, काढ म्हणणार न्हाई. माणूस बदलतोय का न्हाई, मला काय ठावं. माझा कान काय आला न्हाई परत." कुणीतरी सर, सर म्हणून हाक मारत होतं. "एक कर. ह्या बारीला तिथं हजर राहून बघ." आणि फोन ठेवला.

क्षिप्राने घर डोक्यावर घेतलं. पुढच्या शनिवारी सामना होता, ती कॅप्टन होती, आणि कारण कुणी सांगत नव्हतं. "डिड ही डू समथिंग? मला काहीच नाही केलं त्याने! ही शाउट्स, सो व्हॉट? एव्हरी कोच शाउट्स लाह!" प्रबोधने तिला बसवून सांगितलं. सगळं. सही, कान, मस्कत. आपण काय केलं ते सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं, पण तो बघत राहिला. तेरा वर्षांची मुलगी आपल्या बापाचं आणि आपल्या कोचचं वजन एकदमच करत असावी. "आय स्टिल वॉन्ट टू प्ले," ती शेवटी म्हणाली. "पण तू ये." अनघाने प्रबोधकडे पाहिलं. "एक सामना," ती म्हणाली. "तू तिथे असशील तर. मग ठरवू." सोमवारी प्रबोधने अकॅडमीच्या ऑफिसला मेल लिहिली: आपण काय पाहिलं नाही, आणि किंतेलाने आपल्याला स्वतः काय सांगितलं. वेगवेगळ्या दोन परिच्छेदांत. किंतेलालाही त्याची प्रत पाठवली. ऑफिसकडून उत्तर आलं की चौकशी होईल, तोवर सामन्याला अकॅडमीचा एक माणूस हजर असेल. किंतेलाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ओके.

शनिवारी तो रेषेजवळ उभा राहिला. बाकी पालक मागच्या पायऱ्यांवर होते. अकॅडमीचा माणूस पलीकडच्या टोकाला फोनवर काहीतरी वाचत होता. किंतेलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा मैदानाकडे वळला. हवा अंगाला चिकटत होती. प्रबोध खेळ बघत नव्हता. तो एका माणसाचे दोन हात बघत होता. ते हात वर गेले, कमरेवर आले, पाठीमागे गेले, पुढे आले. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना क्षिप्राने मागे पास दिला, न बघता, हलका. समोरच्या मुलीने तो मधेच घेतला आणि गोल झाला. खेळ थांबला. क्षिप्रा गोलसमोर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होती. किंतेलाचा चेहरा पांढरा पडला. तो रेषा ओलांडून मैदानात शिरला, भरभर, टाचा उचलून, थेट तिच्या दिशेने.

प्रबोध धावला. गुडघा दुखला, चष्मा नाकावरून घसरला, मागून कुणीतरी ओरडलं, रेफरीने शिट्टी वाजवली. एवढंसं अंतर संपतच नव्हतं. क्षिप्राने त्या माणसाला येताना पाहिलं, आणि तिचे खांदे वर आले. त्या माणसाला बघून तिचे खांदे असे उचललेले प्रबोधने पहिल्यांदाच पाहिले. ती आपण सांगितलेल्या गोष्टीमुळे घाबरली आहे, हे त्याला कळलं. किंतेला तिच्यापाशी पोचला, आणि तिच्याकडे न बघता तिच्या बाजूने पुढे गेला, गोलला वळसा घालून मागे. तिथे त्याने दोन्ही हातांनी जाळी धरली. मूठभर जाळी एका हातात, मूठभर दुसऱ्या, आणि कपाळ दोऱ्यांवर टेकवलं. पूर्ण जाळी थरथरत होती.

प्रबोध क्षिप्रा आणि जाळी यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. धाप लागली होती. "बाबा, गेट आउट, सगळे बघतायत," क्षिप्रा पुटपुटली, पण तिने त्याच्या शर्टाची मागची बाजू धरून ठेवली होती.

"प्राबोजी," जाळीमागून आवाज आला. म्हाताऱ्याने मान वर केली नाही. त्याची बोटं दोऱ्यांत रुतून पांढरी झाली होती. "हात शिवशिवले की दर वेळी मी इथे येतो. दर वेळी येईनच असं मला सांगता येत नाही."

रेफरी हातवारे करून दोघांनाही बाहेर जायला सांगत होता. अकॅडमीचा माणूस फोन खिशात घालून धावत येत होता. प्रबोध हलला नाही.

"मला दिसतंय, प्रोफेसर," तो म्हणाला. "मी बघतोय."